टोमॅटो भरभरून आलेत? आधी सॉसचा नाद सोडा

फेब्रुवारी लागला की चऱ्होलीत टोमॅटोला कुणी विचारत नाही. गावठाणातल्या परड्यात, इंद्रायणीच्या अंगाला अजून शिल्लक असलेल्या वावरांच्या बांधावर, नव्या सोसायट्यांच्या गच्चीवरच्या ड्रमांत आणि कुंड्यांत, सगळीकडची झाडं एकाच पंधरवड्यात लाल होतात. सगळ्यांनी रोपं दसरा-दिवाळीच्या सुमाराला लावलेली असतात, थंडी सगळ्यांना सारखीच मिळते, मग पीकही सगळ्यांकडे एकदमच येणार. शेजारी पिशवीभर द्यायला जावं तर त्यांच्याच दारात पाटी भरलेली. मोशीच्या उपबाजारात दहा-पंधरा किलो घेऊन जावं तर रिक्षाचं भाडंही सुटत नाही.

पाच महिन्यांनी चित्र उलटं होतं. जुलै २०२३ आठवा. इथून पुणे-नाशिक रस्त्याने दीड-दोन तासांवर असलेल्या नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. शहरांत किरकोळीला किलोमागे शंभरी केव्हाच मागे पडली होती आणि केंद्र सरकारला नाफेड व एनसीसीएफमार्फत टोमॅटो खरेदी करून दिल्लीत स्वस्तात विकावे लागले. दर वर्षी एवढं टोक गाठलं जात नाही, पण पावसाळ्यात टोमॅटो महागतो. तेव्हा आपलं काम नेमकं काय, तर फेब्रुवारी-मार्चचा टोमॅटो जुलै-ऑगस्टच्या आमटीपर्यंत नेणं.

आणि इथेच बहुतेक घरं सॉसचा घाट घालतात. टोमॅटो जास्त झाले की सॉस, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या पिकाचा निकाल लावायचा असेल तर सॉस हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा मार्ग. टोमॅटोत ९४ टक्के पाणी असतं. दहा किलो टोमॅटोंचा सॉस करायचा तर त्यातलं सहा-सात लिटर पाणी वाफ करून घालवावं लागतं. घरच्या शेगडीवर त्याला ढोबळ हिशेबाने अर्धा ते पाऊण किलो गॅस लागतो, आणि सिलिंडर असतो १४.२ किलोचा. वर साखर, व्हिनेगर, मसाले, आणि घरातलं एक माणूस दुपारभर पातेल्याशी बांधलेलं. एवढं करून हाती येतो अडीच-तीन किलो सॉस. मुलं घरात असली तरी चौघांच्या कुटुंबाला तो पुढचं वर्षभर संपत नाही, आणि घरचा सॉस वर्षभर टिकतही नाही. याउलट आमटी, रस्सा, सार, उसळ, पावभाजी यांना टोमॅटो रोज लागतो. म्हणून टोमॅटो तयार पदार्थ म्हणून साठवू नका, जिन्नस म्हणून साठवा. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

तोडा करताना

झाडावर पूर्ण लाल होईपर्यंत थांबायची गरज नसते. फळाच्या बुडाला गुलाबी-नारिंगी झाक आली, म्हणजे रंग फुटला, की ते तोडून घरात पिकवलं तरी चव फारशी कमी होत नाही. उलट पाखरं, अळी आणि तडकणं यांतून ते वाचतं. मार्चमध्ये तर हे केलंच पाहिजे. पारा तिशीच्या पुढे गेला की टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, लायकोपीन, नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगीच राहतं. चऱ्होलीच्या पत्र्याच्या छपरांवर आणि काँक्रीटच्या गच्चीवर मार्चच्या दुपारी काय तापतं ते सांगायला नको. अशी फळं घरात सावलीत, देठाची बाजू खाली करून, एकावर एक न रचता ठेवा. तीन-चार दिवसांत छान लाल होतात. घाई असेल तर त्यांच्यात एक पिकलेलं केळं ठेवा. न पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये मात्र घालू नका. थंडीने त्याचं पिकणं अडतं आणि नंतर बाहेर काढला तरी चवीला पांचट लागतो.

औषध फवारलं असेल तर डब्यावर लिहिलेले प्रतीक्षेचे दिवस मोजा आणि मगच तोडा करा. गच्चीवरचं म्हणजे आपोआप सेंद्रिय, असं नसतं.

तोडून आणलेल्या मालाची त्याच संध्याकाळी निवड करा. हे काम उद्यावर गेलं की निम्मा माल हातचा गेला. घट्ट, डाग नसलेली, पूर्ण पिकलेली फळं एका पाटीत. ती चार दिवस थांबू शकतात. मऊ पडलेली, तडकलेली, अति पिकलेली दुसऱ्या पाटीत. ती त्याच रात्री चुलीवर चढली पाहिजेत. बुडाला काळा चट्टा पडलेली फळं चट्टा कापून रोजच्या भाजीत चालतात, साठवणीत नकोत. आणि जिथे बुरशीची लव दिसते ते फळ तेवढा भाग कापून वापरू नका, सरळ खतात टाका. टोमॅटो मऊ असतो, बुरशी वरून दिसते त्याहून आत गेलेली असते.

फ्रीझर हाच पहिला आसरा

कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त टोमॅटो वाचवायचे तर अख्खे गोठवा. अनेकांना हे खरं वाटत नाही, कारण आपल्याकडे मटार गोठवतात, टोमॅटो नाही. धुऊन, कोरडे पुसून, देठाचा कठीण भाग चाकूच्या टोकाने काढून ताटात एका थरात फ्रीझरमध्ये ठेवा. दगडासारखे कडक झाले की पिशवीत भरा. म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि हवे तेवढे काढता येतात. वापरताना गोठलेला टोमॅटो नळाखाली धरला की साल हाताने निघून येते. कोशिंबिरीला तो उपयोगाचा नाही, कारण सुटल्यावर लगदाच होतो. पण फोडणीत टाकायला लगदाच हवा असतो.

अख्ख्या टोमॅटोंना जागा फार लागते. घरात दोन दारांचा फ्रिज नसेल तर रस करून ठेवणं बरं. टोमॅटोचे चार तुकडे करा, कुकरच्या भांड्यात पाणी न घालता झाकण ठेवून दहा मिनिटं मऊ होऊ द्या आणि पुरणयंत्रातून फिरवा. मिक्सरमध्ये बी भरडलं जाऊन रस कडवट होतो आणि हवा भरून फिका पडतो. पुरणयंत्र बी आणि साल मागे ठेवतं, रस लाल आणि मुलायम उतरतो. आपल्या घराघरांत होळीला बाहेर येऊन पुन्हा माळ्यावर जाणारं हे यंत्र टोमॅटोच्या हंगामात खाली ठेवा.

रस पूर्ण गार झाला की झिपच्या पिशवीत भरून, हवा काढून, बोटाच्या जाडीएवढा सपाट पसरून आडवा गोठवा. नंतर अशा पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात आणि लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो. बर्फाच्या साच्यातही ठेवता येतो; चौघांच्या आमटीला तीन-चार वड्या पुरतात. मीठ-मसाला काही घालू नका. पिशवीवर तारीख आणि वजन लिहा. दोन दारांच्या फ्रिजमध्ये हा रस सहा-आठ महिने चांगला राहतो. एका दाराच्या छोट्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तितका गार नसतो, तिथे दोन-तीन महिन्यांत संपवा.

वीज गेली तर काय, असा प्रश्न येतो. आपल्याकडे गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी काही तास वीज बंद असली तरी घाबरायचं कारण नाही. गच्च भरलेला फ्रीझर उघडला नाही तर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गोठण धरून ठेवतो. दार उघडून बघत बसू नका, एवढंच.

आटवायचंच असेल तर आधी पाणी ओता

दाट रस हवा असतो तो जागा वाचवण्यासाठी आणि पावभाजी-ग्रेव्हीसाठी. इथे एक गोष्ट कळली की निम्मा गॅस वाचतो. टोमॅटो कापला किंवा कुस्करला की त्यातली विकरं लगेच कामाला लागतात आणि पेक्टिन तोडायला सुरुवात करतात. पेक्टिन म्हणजे रसाला दाटपणा देणारा भाग. कापल्या कापल्या टोमॅटो गरम केला तर ही विकरं मरतात आणि रस एकसंध दाट राहतो. कच्चाच कुस्करून तासभर ठेवला तर रस फुटतो, गर एकीकडे आणि पिवळसर पाणी दुसरीकडे. सॉसच्या कारखान्यांत यातली कुठली वाट धरायची हे मालाप्रमाणे ठरवलेलं असतं. घरी आपल्यालाही हे वापरता येतं.

साराला किंवा सूपला रस हवा असेल तर लगेच तापवा. दाट गर हवा असेल तर कुस्करून तासभर थांबा, मलमलच्या फडक्यात बांधून टांगा, किंवा सरळ रस गोठवून पुन्हा सुटू द्या. स्वच्छ पाणी आपोआप वेगळं होतं, ते ओतून घ्या. जेवढं पाणी असं निघालं तेवढं शेगडीवर आटवायची गरज उरली नाही. हे पाणी मोरीत ओतू नका. त्यात आंबटपणा आणि बरीचशी चव असते; भाताला, कणकेला किंवा आमटीला घाला. नुसतं जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी देऊन आणि थोडा गूळ घालून त्याचं पातळ सारही चांगलं होतं.

उरलेला गर रुंद तोंडाच्या, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात आटवा. पातेलं जेवढं पसरट तेवढी वाफ लवकर. ॲल्युमिनियम, लोखंडी कढई किंवा कल्हई उडालेलं पितळ वापरू नका. टोमॅटोच्या आंबटपणाने धातू रसात उतरतो आणि चवही बिघडते. थेंबभर गर बशीत टाकून बघा: भोवती पाण्याचं कडं दिसेनासं झालं की झालं.

ज्यांना सॉस हवाच आहे त्यांच्यासाठी घरगुती प्रमाण सांगून टाकतो. गाळलेला रस एक किलो, साखर ७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, व्हिनेगर २५ मिलिलिटर. आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेले ५० ग्रॅम कांदा, १० ग्रॅम आलं, ५ ग्रॅम लसूण, थोडी लाल मिरची, दालचिनी, दोन लवंगा. तिसरा हिस्सा साखर सुरुवातीला, बाकीची शेवटी. सगळी आधी घातली तर रंग काळपटतो. मीठ आणि व्हिनेगरही शेवटीच. परिरक्षक घालायचं असेल तर सोडियम बेंझोएट, तेही तयार सॉसच्या किलोला पाव ग्रॅम एवढंच, कोमट पाण्यात विरघळवून. सरबतात वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टोमॅटोत नको, ते लाल रंग उडवतं. पाव ग्रॅम चमच्याने मोजता येत नाही. बारीक काटा नसेल तर परिरक्षकाच्या भानगडीत न पडता थोडाच सॉस करा आणि फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवा.

उन्हाचं काम

आपल्याकडे टोमॅटो वाळवायची रीत फारशी नाही. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या यांच्या वाळवणात टोमॅटो कुठेच नसतो, आणि हे मला फार विचित्र वाटतं. कारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत इथलं ऊन आणि कोरडी हवा या कामासाठी नेमकी आहे. वळवाचे ढग जमायला लागले की संधी गेली.

लांबट, जाड गराचे, कमी रसाचे टोमॅटो यासाठी उत्तम. बोटाच्या अर्ध्या जाडीच्या चकत्या करा, जास्तीचं बी-पाणी काढून रसाच्या भांड्यात टाका. किलोमागे दोन लहान चमचे मीठ भुरभुरून अर्धा तास चाळणीत निथळू द्या. मग स्टीलच्या ताटांत किंवा स्वच्छ कापड घातलेल्या सुपांत एकेक चकती सुटी पसरा. वर जुनी पातळ सुती साडी दुहेरी करून, ताटाला न टेकेल अशी ताणून बांधा. माश्यांसाठी तर ती हवीच, पण आपल्या भागात धुळीसाठी जास्त. इतकी बांधकामं चालू आहेत आणि डंपरांची वर्दळ एवढी आहे की रस्त्याच्या बाजूची गच्ची सोडून मागची बाजू धरावी, आणि चौथ्या-पाचव्या मजल्याच्या वर गच्ची असेल तर फारच बरं. दुपारी एकदा चकत्या उलटा. संध्याकाळी ताटं घरात घ्या, नाहीतर रात्रीच्या दवाने दिवसभराचं काम पाण्यात जातं.

तीन-चार कडक उन्हांत चकत्या चामड्यासारख्या चिवट होतात. भाजीत टाकायला एवढ्या पुरे. पावडर करायची असेल तर आणखी एक-दोन दिवस, मोडल्यावर कट् आवाज येईपर्यंत. दहा किलो टोमॅटोंचे जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅम उरतात, म्हणजे एका डब्यात बसतात. आणि यांना ना गॅस लागला, ना वीज.

बरणीत भरल्यावर लगेच माळ्यावर ठेवू नका. बरणी दोन तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवून बघा. काचेला आतून दमटपणा दिसला किंवा तुकडे चिकटू लागले तर पुन्हा उन्हात घाला. काही तुकडे आतून ओले राहिलेले असतात, त्यांचा ओलावा या दिवसांत सगळीकडे पसरून कळून येतो. पावडर एकदम सगळी करू नका. पावसाळ्यात ती हवेतला ओलावा ओढून ढेकूळ होते. लागेल तशी महिन्यापुरती दळा आणि छोट्या बाटलीत ठेवा. एक मोठा चमचा पावडर साधारण दीड-दोन टोमॅटोंचं काम करते. चिवड्याला, भाजलेल्या मक्याला, साध्या दहीभाताला ती भुरभुरून बघा. रस काढताना उरलेली सालंही अशीच वाळवून दळता येतात.

घरात पळीपापड होतातच, तर त्यातही टोमॅटो खपतो. एक वाटी भिजवलेला साबुदाणा पाच-सहा वाट्या पाण्यात शिजवून पारदर्शक झाला की वाटीभर गाळलेला रस, मीठ, जिरं, थोडं तिखट घाला आणि प्लास्टिकवर पळीने घाला. रस आधी घातला तर पीठ नीट दाटत नाही.

वाळलेले टोमॅटो लसणीसकट तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत हल्ली चित्रफितींमधून आली आहे. ती धोक्याची आहे. तेलाखाली हवा नसते, आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना तीच जागा लागते. असं काही करायचं असेल तर थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा.

बाटलीत भरण्याबद्दल, जरा कडक शब्दांत

उकळता रस बाटलीत भरला, झाकण घट्ट लावलं, बाटली उलटी ठेवली आणि कपाटात ठेवून दिली: ही पद्धत सुरक्षित नाही. टोमॅटो आंबट असतो म्हणून सगळं निभावतं असा समज आहे. टोमॅटोचा सामू जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे साधारण ४.३ ते ४.९ असतो. बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा विषबाधेचा प्रकार घडवणारे जंतू ४.६ च्या वर वाढू शकतात. म्हणजे टोमॅटो बरोबर सीमेवर उभा आहे. अति पिकलेला किंवा वाळून गेलेल्या झाडावरचा टोमॅटो तर सीमेच्या पलीकडे जाऊ शकतो. आणि या विषाला वास नसतो, चव नसते.

म्हणून बाहेर टिकवायच्या बाटलीत बाहेरून आम्ल घातलंच पाहिजे: अर्धा लिटरला पाव लहान चमचा सायट्रिक ॲसिड, लिटरला अर्धा, सपाट भरून. किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणूनही मिळतं. ताज्या लिंबाच्या रसावर विसंबू नका, त्याचा आंबटपणा लिंबागणिक बदलतो. उकळता गर भरताना वर अर्धा इंच जागा सोडा, झाकण लावा आणि बाटल्या बुडून वर इंचभर पाणी राहील अशा पातेल्यात खळखळ उकळा. वेळ किती? पुस्तकांत आणि चित्रफितींत दिलेली वेळ बहुतेक समुद्रसपाटीची असते. आपण साडेपाचशे मीटरच्या वर आहोत, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून पाच मिनिटं जास्त द्यावी लागतात. गाळलेल्या किंवा कुस्करलेल्या टोमॅटोंना अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी ४० मिनिटं, लिटरच्या बाटलीसाठी ५० मिनिटं. त्यात कांदा, लसूण, मिरची घालायची नाही, कारण त्याने आम्ल पातळ होतं.

झाकणं नवी आणि हवा बंद करणारी हवीत. जॅमच्या जुन्या बाटल्यांची झाकणं एकदा वाकली की भरवशाची राहत नाहीत. घरचा कुकर हे काम करायचं यंत्र नाही. झाकण फुगलं, उघडताना फस्स झालं, रसावर बुडबुडे दिसले तर चाखून बघू नका, फेकून द्या. एवढं सगळं सांभाळायची तयारी नसेल, आणि बहुतेक घरांत ती नसते, तर बाटलीचा नाद सोडून फ्रीझर आणि ऊन यांच्यावरच भिस्त ठेवा.

मीठ, चिंच आणि तेल

मीठ आणि आम्ल यांच्या जोरावर टिकणारा प्रकार मात्र आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे लोणचं. चाकण-भोसरीच्या कारखान्यांनी देशभरातली माणसं इथे आणली, त्यात तेलुगू कुटुंबंही आली, आणि टोमॅटोचं खरं टिकाऊ लोणचं त्यांच्याकडून शिकावं. घट्ट लाल टोमॅटो एक किलो, पूर्ण कोरडे पुसून, फोडी करून १०० ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा हळद लावून बरणीत एक-दोन दिवस ठेवायचे. मग फोडी पिळून उन्हात आणि सुटलेलं पाणीही वेगळ्या भांड्यात उन्हात. फोडी सुरकुतल्या की त्याच पाण्यात १०० ग्रॅम चिंच भिजवून सगळं एकत्र वाटायचं. त्यात तिखट ७०-७५ ग्रॅम, भाजलेल्या मेथ्यांची पूड दोन चमचे. दीड-दोन वाट्या तेलाची मोहरी, हिंग, लाल मिरच्यांची फोडणी गार करून वर. तेल वर तरंगत राहिलं पाहिजे आणि चमचा कोरडा. पावसाळाभर भाकरीबरोबर जातं.

झटपट होणारी घरची टोमॅटो चटणी, लसूण-मिरची-शेंगदाण्याची, चवीला कितीही छान असली तरी फ्रिजमध्ये आठ-दहा दिवसांचीच. तिला टिकाऊ समजू नका.

मार्च संपत आला की झाडावर हिरव्या टोमॅटोंचे घोस राहतात. दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा, अशात नवी फळं धरत नाहीत, आणि आहेत ती नीट रंगत नाहीत. झाड वाळायची वाट न बघता ती तोडा. ज्यांना थोडी पांढरट-पोपटी झाक आली आहे ती घरात पिकतील. कडक हिरव्यांची चटणी करा: तेलावर मिरच्या, लसूण आणि फोडी डाग पडेपर्यंत परतून, भाजलेले तीळ आणि शेंगदाणे घालून जाडसर वाटा. तीळकूट घालून भाजीही होते. मला विचाराल तर सगळ्या हंगामात या चटणीसारखं दुसरं काही नाही.

तरीही उरले तर

आळंदी हाकेच्या अंतरावर आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेपासून आजच्या लहान-मोठ्या मठ-धर्मशाळांपर्यंत तिथे रोज पंगती उठतात, शेकडो विद्यार्थी राहतात. आधी विचारून, निवडून, धुऊन, दोन पाट्या सकाळीच नेऊन दिल्या तर त्याच दिवशी वापरल्या जातात. खराब होत आलेला माल देऊ नका, त्यांनाही निवडत बसायला वेळ नसतो.

विकायची कल्पना सुचली असेल तर ताजे टोमॅटो सोसायटीत विकणं वेगळं आणि लोणचं, सॉस, पावडर विकणं वेगळं. तयार पदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या उलाढालीला ती साधी नोंदणी असते. त्याआधी प्रक्रियेचं प्रशिक्षण घ्या. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

आणि पुढच्या वर्षी हे सगळं एकदम अंगावर येऊ नये असं वाटत असेल तर रोपं घेतानाच विचारा: बुटकी वाढणारी की उंच? बुटकी झाडं दोन-तीन आठवड्यांत सगळी फळं देऊन मोकळी होतात. साठवणीसाठी ती बरी. तारेवर-काठीवर चढणारी उंच झाडं थोडी थोडी महिना-दोन महिने देत राहतात. रोजच्या स्वयंपाकाला ती बरी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची भाग्यश्री ही जात भरपूर गर, कमी बी आणि गडद लाल रंग यांसाठी प्रक्रियेला चांगली मानली जाते. निम्मी रोपं ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि निम्मी महिन्याभराने लावा, आणि फ्रीझरमधला एक कप्पा जानेवारीतच रिकामा करून ठेवा.